उपाशी पोटी दिलेली सुई

आमच्या घरी मधुमेह झालेला कुत्रा होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. मीही हसले होते. मागच्या भिंतीपाशी उभी राहून आई "याला मधुमेह झालाय" म्हणाली, तेव्हा माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. हसताना ते हिंदकळलं आणि निम्मं दूध माझ्या पायावर सांडलं.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती ती. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मला तिथे बाटल्या तपासायच्या विभागात नोकरी लागली होती. पांढरा डगला घालायचा, दिव्यासमोर एकेक बाटली धरायची, आत कण दिसतो का, काचेला चीर आहे का ते बघायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मी दहा वर्षांची असताना कोल्हापुरात वारले होते. त्यानंतर आम्ही मायलेकी मामाकडे राहिलो. नोकरी लागली, कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या आणि आम्ही इकडे आलो. वसाहतीत झाड म्हणून नव्हतं. मागच्या दारातून बघितलं की थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत माळ आणि बाभळी दिसायच्या.

कुत्रा होता कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबाचा. तांबूस, लांब कानांचा, अंगाने भारी. साहेबाची मुदत संपली, तो मायदेशी जायला निघाला. कुत्र्याला बोटीने न्यायचं जमेना. त्याने आमच्या विभागात येऊन विचारलं, कोणी सांभाळेल का? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी का हात वर केला ते मला अजून नीट सांगता येत नाही. घर फार गप्प असायचं, हे एक कारण असेल.

आई चिडली, पण घालवून द्या म्हणाली नाही. "स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नको," एवढंच म्हणाली. कुत्र्याचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला नुसतं "अरे" म्हणायची. महिन्याभरात तोही "अरे" ऐकलं की मान वळवायला लागला.

चार-पाच महिने बरे गेले. मग तो पाणी फार प्यायला लागला. बादलीत तोंड घातलं की काढायचाच नाही. खायचा भरपूर, आणि तरी बरगड्या वर यायला लागल्या. एक दिवस सकाळी दूध घालायला पिंपरी गावातली बाई आली. ती मागच्या दाराने यायची. जाता जाता थांबली आणि म्हणाली, "अवं बाई, हितं मुंग्या का लागल्यात एवढ्या? गोड सांडलं व्हय काय?"

मागच्या भिंतीपाशी जिथे कुत्रा पाय वर करायचा, तिथे काळ्या मुंग्यांची झुंबड उडाली होती. आई मोरीत भांडी विसळत होती. ती उठून बाहेर आली, मुंग्यांकडे बघितलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच गेला. मग म्हणाली ते वाक्य, ज्यावर मी हसले.

"आई, कुत्र्यांना कुठला मधुमेह?"

"डॉक्टरला दाखव," ती म्हणाली आणि आत गेली.

खडकीला एक म्हातारे डॉक्टर राहायचे. उमेदीची वर्षं त्यांनी पलटणीतल्या घोड्या-खेचरांवर उपचार करण्यात घालवली होती. एका रविवारी टांग्यात घालून कुत्र्याला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी त्याच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकले, काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"होतो, कुत्र्यांनाही होतो," डॉक्टर म्हणाले. "माणसाचंच इन्शुलिन द्यायचं. रोज सकाळी. नाहीतर महिना-दीड महिना जगेल. झेपेल का तुम्हाला?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला संत्र्यात सुई टोचायला शिकवलं, मग कुत्र्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून तिथे टोचायला शिकवलं. निघताना मात्र त्यांनी माझं मनगट धरलं आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "आधी खाणं, मग सुई. त्यानं खाल्लं नाही तर त्या दिवशी सुई नाही. हे उलटं करायचं नाही. काय करायचं नाही?"

"उलटं करायचं नाही," मी म्हटलं.

घरी औषध ठेवायला थंड जागा नव्हती. एका मातीच्या बोळक्यात बाटली ठेवायची आणि ते बोळकं ओल्या वाळूत रुतवायचं, अशी सोय मी न्हाणीच्या कोपऱ्यात केली. रोज सकाळी काचेची पिचकारी आणि सुई उकळत ठेवायची. ते भांडं चुलीवर चढलं की आई घरातून निघून जायची. कधी मागच्या माळावर, कधी शेजारणीकडे. मला वाटायचं, तिला किळस येते. एकदा मी म्हटलंही, "अण्णांना तर तू स्वतः टोचायचीस ना? मग आता काय झालं?" ती पदर खोचून बाहेर निघून गेली. अण्णांनाही हाच आजार होता. त्यांच्या मांडीत सुई टोचताना मी आईला लहानपणी बघितलं होतं.

अण्णा कशाने गेले हे मला ठाऊक होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. "साखर वाढली आणि गेले," असं आईने मला सांगितलं होतं. मी त्या वेळी कोल्हापुरात नव्हते, मामाकडे सुट्टीला गेले होते. परत आणलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण त्या चार शब्दांना माझ्यापुरता एक जास्तीचा अर्थ होता आणि तो मी कोणालाही सांगितला नव्हता. मामाकडे निघायच्या आदल्या दिवशी मी देवळातून प्रसादाचे दोन पेढे आणले होते. अण्णांना गोड बंद होतं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, हात पुढे केला, आणि मी दोन्ही पेढे त्यांच्या हातावर ठेवले. "आईला सांगू नकोस हं," ते म्हणाले होते. मी नाही सांगितलं. चौदा वर्षं नाही सांगितलं.

इन्शुलिन सुरू झाल्यावर कुत्रा सावरला. लाल रंग पिवळ्यावर आला, कधीकधी हिरव्यावर. पण थंडी सुरू झाली तसं त्याने नवीनच काढलं. तो खाईना.

ताटलीसमोर उभा राहायचा, वास घ्यायचा आणि निघून जायचा. मी भाकरी कुस्करून ताकात घालून दिली, दुधात घालून दिली. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी माणसाच्या बेकरीतून पाव आणला. साहेब त्याला पाव द्यायचा म्हणून. त्याने एक तुकडा तोंडात धरला, अंगणात नेऊन ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. कधी दोन घास खायचा, मी अर्धी सुई द्यायचे. कधी काहीच नाही, मग सुईही नाही. दुसऱ्या दिवशी नळीतला रंग परत विटेसारखा. त्याच्या तोंडाला कुजक्या फळासारखा वास यायला लागला. डॉक्टर म्हणाले, साखर फार चढली की भूक मरते, आणि खाल्लं नाही की सुई देता येत नाही, आणि सुई नाही म्हणून साखर चढते. "कसंही करून पोटात घाला," ते म्हणाले. कसंही म्हणजे कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या सकाळी माझा तोल सुटला. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं, दोन दिवस सुई नव्हती. मी खाली बसून हाताने भरवत होते, तो मान फिरवत होता. कारखान्याचा पहिला भोंगा झाला. माझ्या डोक्यात आलं, साखर चढल्यामुळे भूक मेली असेल, तर साखर उतरली की भूक लागेल. किती सरळ हिशेब वाटला तो मला! मी पिचकारी भरली. पूर्ण भरली. टोचली. भाकरी-दुधाची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि आईला हाक मारून सांगितलं, "मी सुई दिलीय, त्याला भूक लागेल आता. खातोय का बघ गं." आई बाहेर माळावर होती. तिने ऐकलं का, हे बघायला मी थांबले नाही.

साडेअकराला जेवणाची सुट्टी झाली. वसाहत पायी दहा मिनिटांवर होती, मी रोज घरीच जेवायला यायचे. पुढचं दार सताड उघडं होतं. अंगणात ताटली होती, दूध-भाकरी तशीच, वर साय धरलेली. आणि आतून कसला तरी आवाज येत होता, जमिनीवर काहीतरी आपटल्यासारखा, थांबून थांबून.

स्वयंपाकघरात जमिनीवर आई बसली होती. कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्याचे चारी पाय ताठ झाले होते आणि झटके देत फरशीवर आपटत होते. डोळे उघडे होते, पण त्यांत काही नव्हतं. तोंडाला फेस. आईचा पदर सुटलेला, नऊवारीवर गूळ सांडलेला, आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कुत्र्याच्या गालफडात गेलेली. त्या हातावरून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं.

मी दारातच खिळले.

"गूळ कुस्कर," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी चिर म्हणावं तसा. "पाण्यात कालव, घट्ट. लवकर."

मी घाईघाईने पातळ करून आणलं आणि त्याच्या तोंडात ओतायला गेले. तिने डाव्या हाताने वाटी धरली. "ओतायचं नाही! श्वासात जाईल. हिरड्यांना चोळायचं. असं." तिने बोट गुळात बुडवलं, त्याचा ओठ उचलला आणि हिरडीवर चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. मधेच त्याचा जबडा आवळायचा, दात तिच्या बोटात रुतायचे. ती ओठ दाबून थांबायची आणि जबडा सैल पडला की पुन्हा चोळायची.

किती वेळ गेला कोण जाणे. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झालेला मला आठवतो. आधी पुढचे पाय सैल झाले, मग मागचे. मग त्याने जीभ बाहेर काढली आणि आईच्या बोटावरचा गूळ चाटला. एकदा, मग पुन्हा. डोळ्यांत तो परत आला. डोकं उचलायचा प्रयत्न करत त्याने इकडेतिकडे बघितलं, आपण इथे कसे, असं.

आईने त्याचं डोकं खाली ठेवलं. मी तिचा हात पाण्याखाली धरला, फडका बांधला. बांधता बांधता विचारलं, "तुला कसं कळलं हे? काय करायचं ते कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "डॉक्टरांनी."

"खडकीच्या? कधी?"

"कोल्हापूरच्या."

मला काहीच उमगलं नाही. आई भिंतीला टेकून बसली आणि समोरच्या चुलीकडे बघत बोलायला लागली.

"हे साखर वाढून नाही गेले. साखर उतरून गेले. त्या दिवशी सकाळी मी सुई दिली. रोज द्यायची तशी. मग पान वाढलं. आणि आमचं भांडण झालं. कशावरून ते विचारू नकोस, इतकं क्षुल्लक होतं की मला स्वतःची लाज वाटते. यांनी पान सारलं आणि खोलीत जाऊन निजले. मी म्हटलं, राहा उपाशी. मोठ्याने म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. पुन्हा बोलवायला गेले नाही. दुपार झाली. मी दोनदा दारातून डोकावले, तर घामेजून झोपलेले दिसले. मला वाटलं, राग आहे अजून. झोपू दे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हे असे..." तिने कुत्र्याकडे बोट केलं. "हे असेच झटके. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, 'बाई, नुसता गूळ हिरड्यांना चोळला असता तरी उठून बसले असते हो.' चांगले होते डॉक्टर. वाईट मनाने नाही बोलले. पण बोलले."

मी ऐकत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. आईच्या हातावर फडक्याची गाठ मारत होते, ती सुटून गेली.

"तू मला साखर वाढली म्हणालीस," मी म्हटलं.

"काय सांगणार होते दहा वर्षांच्या पोरीला? तुझ्या बापाला मी जेवायला बोलावलं नाही म्हणून?"

"आई, मी त्यांना पेढे दिले होते."

"कधी?"

"मामाकडे निघायच्या आदल्या दिवशी. देवळातले. दोन. त्यांनी मागितले आणि मी दिले. तू म्हणालीस साखर वाढली. मला वाटलं, मीच..."

आईचा चेहरा मी तसा त्याआधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. कुत्रा झटके देत असताना जी बाई डगमगली नव्हती, ती माझ्याकडे बघून तोंड उघडं ठेवून बसली. मग तिने फडकं बांधलेला तो हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू तो ठेवायचा हक्क तिला नाही.

"चौदा वर्षं?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

हे लिहिताना मला असं लिहायचा मोह होतो, की आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तसं झालं नाही. मी उठले, तोंड धुतलं आणि कामावर परत गेले. उशीर झाल्याबद्दल बोलणी खाल्ली. दिव्यासमोर बाटल्या धरत राहिले. त्या दुपारी मी किती खराब बाटल्या चांगल्या म्हणून पुढे ढकलत होते देव जाणे. शेजारच्या बाईने माझी रांग आपल्याकडे ओढून घेतली तेव्हा मला कळलं. त्यानंतर सात-आठ दिवस मी आईशी कामापुरतंच बोलले. मला तिची दया येत होती आणि संतापही येत होता, आणि एक आला की दुसरा जात होता असं नाही. तिने स्वतःला वाचवायला खोटं सांगितलं आणि ते खोटं माझ्या मानेवर बसलं. हे तिला कळलं होतं. ती माझी नजर चुकवत घरात वावरत होती, परक्याच्या घरात राहायला आल्यासारखी.

पण त्या सात-आठ दिवसांत एक झालं. कुत्र्याला भरवायचं काम तिने माझ्या हातून काढून घेतलं. न विचारता, न सांगता. दूधवाल्या बाईला तिने विचारलं, "तुमच्याकडे कोंबडीची अंडी मिळतील का हो?" त्या बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं.

"अंडी? तुमाला? मिळतील की. कुनाला पायजेत?"

"त्याला," आई म्हणाली.

मागच्या दाराबाहेर तिने तीन दगडांची वेगळी चूल मांडली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, जुन्या पातेल्यात अंडं उकडायची, नाकाला पदर लावून सोलायची, भाकरीत कुस्करायची आणि बोटाएवढे घास करून त्याच्यापुढे बसायची. तो मान फिरवायचा. ती बसून राहायची. भाजी निवडायची, वाती वळायची, मधूनच घास पुढे करायची. "अरे, घे," म्हणायची. ओरडायची नाही, हातही मागे घ्यायची नाही. पहिल्या दिवशी त्याने तीन घास खाल्ले, त्याला दोन तास लागले. आठवडाअखेर एकदा मी जेवायच्या सुट्टीत आले तेव्हाही ती तिथेच बसलेली होती, उन्हात, स्वतः न जेवता.

"तू जेवलीस का?" मी विचारलं. आठवड्यातलं माझं ते पहिलं सरळ वाक्य.

"त्याचं होऊ दे."

मी आत गेले, दोन पानं वाढून बाहेर घेऊन आले. आम्ही दोघी मागच्या दारात बसून जेवलो, कुत्र्याला मधे ठेवून. बोललो नाही. पण जेवलो.

सुई मात्र तिने कधीच हातात धरली नाही. ते माझ्याकडेच राहिलं. तिने "खाल्लं" असं सांगितल्याशिवाय मी पिचकारी उकळायला ठेवत नसे. हळूहळू तो दोन वेळा खायला लागला, अंगावर थोडं मांस आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांवर निळसर पडदा आला आणि दोन महिन्यांत तो आंधळा झाला. या आजारात होतं असं, डॉक्टर म्हणाले. मग आई त्याला दोरी बांधून सकाळी वसाहतीच्या रस्त्यावरून फिरवायला लागली. नऊवारी नेसलेली विधवा बाई आणि तिच्या मागे आंधळा विलायती कुत्रा. लोक थांबून बघायचे.

आजार कळल्यानंतर तो दीड वर्ष जगला. एका सकाळी नेहमीच्या जागी निजलेला होता, तो उठला नाही. पवना नदीच्या काठी, गावाच्या वरच्या अंगाला खड्डा खणून त्याला पुरला.

त्यानंतर दोन-चार दिवसांची गोष्ट. दूधवाली बाई दूध मोजता मोजता म्हणाली, "लई केलंसा बाई तुमी त्याचं. मानसाचं करत न्हाईत कुनी एवढं." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या मालकांना काय झालं हुतं वं?"

मी आत केस विंचरत होते. माझा हात थांबला. हा प्रश्न आईला आजवर कितीतरी जणांनी विचारला होता आणि दर वेळचं उत्तर मला पाठ होतं.

"मधुमेह होता," आई म्हणाली. "सुई दिली आणि जेवायला घातलं नाही मी. रागात होते. त्यानं गेले."

बाहेर दुधाचं माप चरवीत टाकल्याचा आवाज झाला. मग दूधवाल्या बाईचा आवाज आला, "आन् मग पोरगीला एकलीनंच वाढिवलं?"

"तिला कुठलं वाढवलं? तिनंच वाढवलं स्वतःला," आई म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत आली. मी आरशासमोर होते. तिला मी दिसत होते, मला ती. या वेळी तिने नजर चुकवली नाही.